पाळण्याखालची घडी

केंद्रातून फोन आला तेव्हा माई अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यावर धरून बघत होत्या. आत रक्ताच्या बारीक रेषांचं जाळं दिसलं की अंडं ट्रेमध्ये परत, नुसताच पिवळा उजेड दिसला की बाजूच्या टोपलीत. हॅचरीतली बाकीची कामं कधीच यंत्रांकडे गेली होती, पण हे काम त्या कुणाच्या हाती देत नसत. सकाळची प्रार्थना झाल्यावर पहिला ट्रे बघून होईपर्यंत त्यांचं मौन असे. सून म्हणून या घरात आल्या तेव्हापासूनचे त्यांचे दोन नेम होते, एक या मौनाचा आणि दुसरा खोटं न बोलण्याचा. त्यांचे यजमान अण्णा म्हणत, "पहिल्या नेमामुळे घरात शांतता असते आणि दुसऱ्यामुळे ती टिकत नाही."

बंडू दारात येऊन उभा राहिला. "माई, बाहेर ये."

माईंनी हात वर करून थांबायची खूण केली.

"केंद्रातनं फोन होता. पाळण्याला कुणीतरी हात लावलाय. काल घंटा वाजली त्यांची."

माईंच्या हातातलं अंडं दिव्यावरच राहिलं. "पोर?"

बंडू चमकला. पहिला ट्रे अर्धासुद्धा झाला नव्हता. "पोर ठीक आहे म्हणतात. पण काल दुपारी जे जे आत जाऊन आले, त्या सगळ्यांना बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

हे सांगताना तो आईकडे बघत नव्हता, टोपलीतल्या फोल अंड्यांकडे बघत होता. माईंच्या ते लक्षात आलं. काल दुपारी आत गेलेल्यांत त्या स्वतः होत्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच गेल्या होत्या. त्यांनी दिवा मालवला.

पिल्लं पोचवायच्या गाडीत पुढे अण्णा आणि बंडू, मागच्या बाकावर माई आणि सून. या गाडीतून कुणीही कुठेही गेलं तरी उतरताना अंगाला भुश्याचा वास येई आणि कपड्यांवर पिवळं पीस सापडे. सून खिडकीला चिकटून बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. थंडी नव्हती, तरी.

शाळेच्या फाटकापाशी मुलीला, ताईला, घ्यायचं होतं. वर्गात शिकवत असली की घरचा फोन न उचलणारी ताई आज आधीच बाहेर येऊन उभी होती. माईंना हेही खटकलं. सकाळपासून त्यांना प्रत्येकाचं काही ना काही खटकत होतं.

"काय मग, वहिनीसाहेब," ताई आत शिरता शिरता म्हणाली, "तुमच्या पार्सलचं सील कुणी फोडलं म्हणे?"

"ताई, पुरे!" बंडू पुढूनच ओरडला.

"माझ्यावर कशाला ओरडतोस? मी दोन पोरं या पोटातून काढली, टाके घालून घेतले, तापात पडले. मला कुणी गाडीत घालून मीटिंगला नेलं नाही."

सून खिडकीकडे आणखी सरकली. तिनं हे हौसेनं केलं नव्हतं, हे ताईलाही ठाऊक होतं. दोनदा तिच्या पोटात मूल राहिलं आणि दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी डॉक्टर बंडूला बाजूला घेऊन म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर बाळाबरोबर हीसुद्धा हाती लागणार नाही. म्हणून या वेळी सुरुवातीपासूनच गर्भ केंद्रातल्या कृत्रिम गर्भाशयात ठेवला होता. केंद्रातले लोक त्याला पाळणा म्हणत. माई पेटी म्हणत. अण्णा सेटर म्हणत, हॅचरीतल्या मोठ्या उबवणी यंत्राच्या नावानं, आणि त्यावर एकटेच हसत.

हे ठरलं त्या दिवशी माई जेवणावरून उठल्या होत्या.

"अगं, माझ्या आजोबांपासून हे घर यंत्रावर जगतंय," अण्णा म्हणाले होते. "तू कुठल्या तोंडानं नाही म्हणतेस?"

"त्याच तोंडानं. आपल्या एवढ्या कोंबड्यांत एक तरी खुडूक होते का? अंडं घालतात आणि चालू लागतात. त्यावर बसायचं असतं हेच विसरल्यात. यंत्रातनं निघालेलीला पुढे बसता येत नाही. उद्या त्या पेटीतनं मुलगी निघाली तर तिला काय येणार? आणि हिला तरी काय येणार, नऊ महिने काचेतनं बघून?"

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सुनेनं हे सगळं ऐकलं होतं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं.

"मी काल गेलो नव्हतो, आधीच सांगून ठेवतो," अण्णा आरशातून मागे बघत म्हणाले. "मी पिल्लं पोचवत होतो."

"तुम्हाला कुणी विचारलंय का?" माई म्हणाल्या.

"विचारल्यावर सांगितलं की खोटं वाटतं."

"दाराचं कार्ड एकच, आणि ते आपल्या घरात," ताई म्हणाली. "म्हणजे बाहेरचं कुणी नाही. ज्यांना हे पहिल्यापासून नको होतं..."

"नाव घेऊन बोल."

"मी कुठे कुणाचं नाव घेतलं? तुला का लागलं, माई?"

माईंनी हळूच सुनेकडे पाहिलं. ती ओठ हलवत होती, आवाज न करता. प्रार्थना असेल, नाहीतर काय बोलायचं त्याची तयारी असेल. सांगता येत नव्हतं.

केंद्र म्हणजे लांबलचक, बसकी इमारत. आत गेलं की पावलांचा आवाज गिळणारी मऊ जमीन आणि दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. प्रत्येक दारामागे एका घराची खोली, खोलीत पाळणा, एक खुर्ची आणि भिंतीला लहानशी मोरी. पाळण्याच्या अंगाला एक जाळी होती, तिच्याशी तोंड नेऊन बोललं की आवाज आत जाई. शेजारी तळहाताएवढी कोमट पट्टी होती. गेले काही दिवस सुनेनं तिथं हात ठेवला की पोर आतून त्या अंगाला येत असे. बंडू हे ज्याला त्याला सांगत सुटला होता. माईंनी काल त्या पट्टीवर हात ठेवला, तर कुणी आलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली होती आणि उठून आल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी घरी कुणाला सांगितली नव्हती.

मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवलं.

"आधी बाळाचं सांगते. बाळ छान आहे. आता ऐका. पाळणा चार पायांवर उभा असतो. काल कुणीतरी एका बाजूच्या दोन पायांखाली कापड सारलं. पाळणा कलला. आतली पिशवी हळूहळू एका अंगाला सरकत गेली, संध्याकाळी नळी मुडपली, आणि घंटा वाजली. आम्ही लगेच सरळ केलं. पण आणखी थोडा वेळ गेला असता, तर मी हे तुम्हाला अशा आवाजात सांगत नसते."

सून टेबलावर वाकली. बंडूनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"एवढा वेळ दिसलं कसं नाही तुम्हाला?" ताईनं विचारलं. शाळेतला आवाज होता तिचा.

"पायांभोवती झालर असते. आणि घरच्यांच्या खोल्यांत आम्ही कॅमेरे लावत नाही. घरच्यांनाच ते नको असतात." सिस्टरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "काल तुमच्या कार्डावर आळीपाळीनं चौघं येऊन बसले. आई, वडील, आत्या आणि आजी. मला त्यातलं एक माणूस हवंय. ज्यानं केलं त्याला, बाळ तुमच्या हाती देईपर्यंत, या इमारतीत येता येणार नाही. आणि मला कळलंच नाही, तर कुणालाच येता येणार नाही."

"कुणालाच म्हणजे?" बंडू म्हणाला. "हिलासुद्धा?"

"आईलासुद्धा."

"पण तुम्हीच म्हणालात ना, आताच्या दिवसांत ती आवाज ओळखायला शिकते म्हणून! हिचा आवाज नसेल तर ती कुणाचा ओळखेल? तुमच्या बायकांचा?"

"म्हणून तर विचारतेय," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. त्यांनी खणातून दोन कापडं काढून टेबलावर ठेवली. "पायांखाली ही होती. मोरीपाशी हात पुसायला ठेवतो त्यातलीच आहेत."

कापडांची चौघडी केली होती, मग एक तिरकी दुमड, आणि शेवटचं टोक आतल्या खाचेत घट्ट खोचलेलं. वजन पडलं तरी अशी घडी सुटत नाही, सरकत नाही. घरातल्या प्रत्येकानं ही घडी जन्मभर पाहिली होती. डब्याचा रुमाल असा, कपाटातल्या चादरी अशा, जुन्या उबवणी यंत्रांच्या पायांखालची गोणपाटं अशी. अण्णांचा हात नकळत स्वतःच्या खिशाकडे गेला, जिथं असाच दुमडलेला रुमाल होता, आणि मग लाजल्यासारखा परत आला.

"माईची घडी," ताई हळू म्हणाली. तिच्या आवाजात आता टोमणा नव्हता, भीती होती.

सिस्टर कुणाकडे बघायचं ते समजल्या. बंडू अजून कापडांकडेच बघत होता.

माईंना पहिल्यांदा नुसता संताप आला. आपण केलेलं नाही हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी पुन्हा घडीकडे पाहिलं. टोक डाव्या बाजूनं खोचलेलं होतं.

त्या टोक उजवीकडून खोचत. डाव्या हातानं काम करणारं घरात एकच माणूस होतं.

वादळ झालं होतं तेव्हाची गोष्ट. अण्णा आणि बंडू पिल्लं घेऊन बाहेरगावी अडकले होते, वीज गेली, आणि ट्रे फिरवणारी मोटार बंद पडली. नवी सून काय करू, काय करू, करत मागे मागे फिरत होती. माईंनी तिच्या हातात गोणपाटं दिली आणि घडी कशी घालायची ते दाखवलं. रॅकच्या एका बाजूला सारायची, ट्रे कलते ठेवायचे, काही वेळानं काढून दुसऱ्या बाजूला सारायची. "फिरवलं नाही तर काय होतं?" सुनेनं विचारलं होतं. "आतलं पिल्लू कवचाला चिकटतं," माई म्हणाल्या होत्या. "मग ते कधी सुटत नाही." वीज येईपर्यंत दोघींनी मिळून सगळी हॅचरी हातांनी फिरवली. पुरुष परत आले तेव्हा मोटार सुरू झालेली होती, आणि त्यांना फक्त पिल्लं नेहमीइतकी निघाली एवढंच कळलं. सुनेला ही घडी येते, हे त्या दोघींशिवाय कुणाला माहीतच नव्हतं.

माईंनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. सून टेबलाच्या कडेकडे बघत होती. हात पुन्हा मांड्यांखाली गेले होते.

म्हणजे हिनं! आणि बसलीये गप्प. माझ्या नावावर जातंय, जाऊ दे म्हणून बसलीये. गाडीतही हेच चाललं होतं हिच्या मनात. घडी माझी आहे हे हिला ठाऊक होतं, सगळे माझ्याकडे बघणार हेही ठाऊक होतं. मुद्दाम केलं असेल का? सूड म्हणून? त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात ऐकलं त्याचा?

पण मुद्दाम करणारीनं एकदाच केलं असतं.

"सिस्टर," माईंनी विचारलं, "हे कालच झालं का? की आधीही?"

सिस्टरांनी जरा विचार केला. "आता बोललात म्हणून सांगते. गेले काही दिवस दुपारी पाळणा किंचित हललेला दिसे. आम्हाला वाटलं, घरचे बसताना धक्का लागत असेल. मग आपोआप सरळ होई."

आपोआप होत नव्हता. ती रोज येऊन एका अंगाला सारत होती, थोडा वेळ बसत होती, जाताना काढत होती. काल बाहेर सासू पहिल्यांदाच येऊन उभी राहिली, तेव्हा घाईनं उठली असेल. काढायचं राहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, पेटी हलत नाही एवढं दिसलं आणि हिचे हात राहवेनात. माईंच्या माहेरी अंगणात कोंबड्या होत्या, यंत्रातल्या नव्हेत. अंड्यांवर बसलेली कोंबडी दिवसातून कितीदा तरी चोचीनं अंडी फिरवी. तिलाही कुणी शिकवलेलं नसे.

"आजी?" सिस्टर म्हणाल्या.

"ही घडी माझी आहे."

"म्हणजे तुम्ही ठेवलीत?"

"आमच्या घरात ही घडी मीच घालते."

"मी घडीचं विचारत नाही, आजी. पाळण्याखाली हे कापड तुम्ही ठेवलंत का? हो की नाही, एवढंच सांगा."

माईंनी हात जोडल्यासारखे टेबलावर ठेवले. इतक्या वर्षांत या वळणावर त्या कितीदा तरी आल्या होत्या. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, अंड्यांच्या गिऱ्हाइकांना, प्रत्येक वेळी खरं सांगून घरच्यांचा राग ओढवून घेतला होता. कधी अवघड गेलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या.

सुनेनं मान वर केली.

आणि माईंना सर्वांत जास्त लागलं ते हे, की बाकी कुणालाच नवल वाटलं नाही. ताईनं सुस्कारा सोडला, जणू दुखरा दात एकदाचा निघाला. बंडू उठून खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला.

"तूच आहेस का खरंच?" असं एकानं तरी विचारायला हवं होतं. सिस्टरांनीच विचारलं, त्या परक्या असून. "तुम्ही नक्की सांगताय ना, आजी? कुणासाठी म्हणून तर नाही?"

"नाही हो," अण्णा थकल्या आवाजात म्हणाले. "ती म्हणतेय म्हणजे तिनंच केलंय. ती खोटं बोलत नाही."

"का, माई?" बंडू खिडकीकडे बघतच म्हणाला. "एवढा राग? त्या जिवावर?"

"राग नव्हता." माईंनी शब्द जपून टाकले, आता ते एकाच माणसासाठी होते. "न फिरवलेलं अंडं आत चिकटतं. पेटी हलताना दिसली नाही, म्हणून भीती वाटली."

सिस्टरांचा चेहरा जरा सैल झाला. "अहो आजी, बाळ पाण्यात असतं. ते आपलं आपण फिरतं. त्याला कुणी फिरवायला लागत नाही. उलट हलवलं तर नळीला धोका. एवढं विचारायचं होतंत."

"हो," माई म्हणाल्या. "विचारायला हवं होतं."

त्यांनी सुनेकडे बघितलं नाही. पण तिचा श्वास त्यांना ऐकू आला, बराच वेळ धरून ठेवलेला.

बाहेर आल्यावर अण्णा आणि ताई गाडीकडे गेले. ताई अण्णांना काहीतरी सांगत होती, हातवारे करत, आणि अण्णा मान हलवत होते. रात्रीच्या जेवणापर्यंत घरात दोन तट पडणार, ही दोघं एका बाजूला आणि बंडू दुसऱ्या बाजूला, हे माईंना दिसलंच. बंडू त्यांच्यासमोरून गेला, थांबला नाही. सुनेला म्हणाला, "तू बसून ये आत. मी गाडीत आहे. हिच्याकडनं कार्ड घे तेवढं."

हिच्याकडनं. माईंनी पिशवीतून कार्ड काढलं. कालपासून ते त्यांच्याकडेच राहिलं होतं.

सून समोर उभी होती. कार्ड घ्यायला हात पुढे केला नाही.

"का केलंत?"

"काय?"

"माई, मला काही समजत नाही असं समजू नका. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. तुम्ही! आता हे कधी काढणार? पोर घरी आल्यावर? रडली की? माझ्या हातून काही चुकलं की? आयुष्यभर हे माझ्या डोक्यावर ठेवणार, असंच ना?"

माईंना हसू आलं आणि रडूही. पोरीला त्यांची ओळख बरोबर पटली होती. तसा विचार त्यांच्या मनात येऊनही गेला होता, सिस्टरांपुढे हो म्हणण्याआधी, अगदी ओझरता. तो आला नव्हता असं त्या म्हणू शकत नव्हत्या. एका दिवसात दुसरं खोटं नको होतं.

"ठेवीनही," त्या म्हणाल्या. "मला माझा भरवसा नाही."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण संशय तसाच होता. "मग मी आत्ताच जाऊन सिस्टरांना सांगते."

"सांग जा. मग तू बाहेर आणि मी आत बसते. काल मी पट्टीवर हात ठेवला होता. ती आली नाही माझ्याकडे."

सून वळली होती, ती थांबली.

"किती राहिलं आता?"

"थोडंच. महिनाही नाही."

"मग ऐक. शेवटी शेवटी अंडी फिरवायची नसतात. हे तुला तेव्हा सांगायचं राहिलं, वीज आली आणि आपण कामाला लागलो. शेवटी पिल्लू आपलं आपण तोंड वळवून घेतं, बाहेर यायच्या बाजूला. तेव्हा हात लावला तर ते चुकतं. सिस्टर काय सांगतात ते खरं असेल, मला त्यांचं सगळं पटत नाही. पण आता मीही सांगते. हात लावू नकोस."

"नुसतं बसायचं?"

"नुसतं बसायचं. तेच अवघड असतं."

सुनेनं कार्ड घेतलं. आभार मानले नाहीत, आणि माईंना तेच बरं वाटलं. ती दाराशी गेली, कार्ड लावलं. दार हळूहळू उघडलं आणि आपोआप मिटू लागलं. मिटत्या फटीतून माईंना दिसलं, ती आधी पाळण्यापाशी गुडघ्यांवर बसली, झालर उचलून चारी पायांखाली बोटं फिरवली, काही नाही ना, ते बघितलं. मग खुर्चीत बसली, जाळीशी तोंड नेलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

दार पुरतं मिटेपर्यंत माईंनी त्या हातांवरची नजर काढली नाही.